गुरनुले सरांच्या तासाची तालीम

प्राचार्य वासेकर नागपूरच्या एखाद्या कार्यशाळेहून परतले, की कॉलेजातले प्राध्यापक धसकायचे. मागच्या खेपेला त्यांनी तिथून गांडूळखताची कल्पना आणली होती. तेव्हा खणलेल्या खड्ड्यात अजूनही कोणी ना कोणी पाय घालून पडायचं. या खेपेला त्यांनी आणली 'सहकारी सल्लामसलत'.

बल्लारपूरहून गोंदियाकडे जाणारी गाडी ज्या तालुक्याच्या गावी जेमतेम थांबते, तिथलं हे कॉलेज. प्राध्यापक मोजके, खोल्या त्याहून मोजक्या. त्या सगळ्यांना स्टाफरूममध्ये बसवून प्राचार्य म्हणाले, "प्रत्येकाने आपल्या जोडीदाराच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसायचं. तास पाहायचा. तो झाला की चहा घेत मोकळेपणी बोलायचं. टीका नाही, चहाडी नाही. तासाआधी जोडीदारालाच विचारायचं, की बाबा, मी तुझ्या वर्गात नेमकं काय पाहू?"

इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. चहाला तर कधीच नसते. पण वासेकरांच्या बोलण्यात गोड आधी आणि कडू मागाहून येई.

"आणि हो. विद्यापीठाने रिफ्रेशर कोर्ससाठी निम्म्या प्राध्यापकांची नावं मागितली आहेत. दिवाळी झाली की लगेच, नागपूरला, तीन आठवडे. तेव्हा प्रत्येक जोडीतला एक जाईल. ज्याला जास्त गरज, तो. कोण, ते तुम्ही दोघांनीच ठरवून मला सांगायचं."

अर्थशास्त्राच्या लहानू गुरनुले सरांचं बिस्कीट चहात बुडालं ते वर आलंच नाही.

दिवाळी झाली की लगेच! बाकी जगात दिवाळीनंतर काय होतं ते असो, पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान कापून होतो, गावोगाव मंडईची जत्रा भरते, वडशाची नाट्यमंडळं ट्रकमध्ये पडदे कोंबून निघतात, आणि शामियान्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. या हंगामात गुरनुले सर खलनायक असत. गेली वीस-बावीस वर्षं. नुसते पडद्याआडून हसले तरी पुढच्या रांगेतली पोरं आईला बिलगत. नायकाच्या अंगावर कोणी फूल टाकत नसे, पण गुरनुलेंना बाया हात दाखवून शिव्या देत, आणि खलनायकाला याहून मोठा मान कोणता? यंदा जंगूभाऊंच्या मंडळाने नवं नाटक घेतलं होतं आणि त्यात सरांना जमीनदाराची भूमिका होती. अशी भूमिका जन्मात एकदाच मिळते, असं सर स्वतःच सगळ्यांना सांगत होते. पोळ्यापासून त्यांनी मिशा वाढवायला घेतल्या होत्या. आता त्या चांगल्या पिळण्याजोग्या झाल्या, तर हे नागपूर!

गरज पाहून पाठवणार म्हणे. इथेच तर दुखत होतं. कारण हेच गुरनुले सर वर्गात शिरले की त्यांचं काय व्हायचं कोण जाणे. शामियानाभर माणसं मुठीत धरणारा हा गडी टेबलामागे उभा राहून, पिवळ्या पडलेल्या नोट्समध्ये मान घालून लिहून द्यायचा. "मागणीची लवचिकता म्हणजे, स्वल्पविराम, किमतीतील बदलामुळे मागणीत होणाऱ्या बदलाचे प्रमाण होय, पूर्णविराम." विरामचिन्हंसुद्धा सांगायचे. घंटा झाली की मान वर. तोवर समोर मुलं आहेत की बाकं, हे पाहण्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

त्यांची जोडी लागली भूगोलाच्या रोशनी खोब्रागडे मॅडमशी. मॅडम बल्लारपूरच्या, रोज गाडीने येणाऱ्या, नोकरीला तीन-चार वर्षं झालेल्या. हुशार, कामाच्या, आणि तोंडावर खरं बोलणाऱ्या म्हणून प्रसिद्ध. गुरनुलेंच्या तोंडचं पाणीच पळालं.

"सर, मी तुमच्या तासात काय पाहू?" मॅडमनी नियमाप्रमाणे विचारलं.

"पाहा... मुलं बोलतात का ते पाहा," सर म्हणाले. बोलून गेले आणि मग जीभ चावली. त्यांच्या वर्गात मुलं हजेरीला 'येस सर' म्हणायची तेवढंच. "अन् मी तुमच्या तासात काय पाहू?"

"काहीही पाहा, सर," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "माझं सगळंच कच्चं आहे."

नव्या पिढीत अजून नम्रता शिल्लक आहे, असं सरांना वाटलं. पण नम्रतेच्या भरवशावर राहून चालणार नव्हतं. मॅडमपेक्षा आपला तास सरस दिसलाच पाहिजे. आणि एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा सरस कशी दाखवायची, याचा अनुभव सरांपाशी भरपूर होता. तालीम घ्यायची!

बी.ए. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांनी दुपारी थांबवून घेतलं. मुलांना वाटलं, हजेरीवरून बोलणी खायची आहेत. सरांनी दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "पुढच्या गुरुवारी रोशनी मॅडम आपला तास पाहाले येनार हायेत. तास असा झाला पायजे का मॅडमनं तोंडात बोट घातलं पायजे. नाईतर मले नागपूरले जा लागते, अन् यंदाचा जमीनदार गेला हातचा."

"असं कसं, सर!" मागच्या बाकावरचा प्रणित ताडकन उठला. एरवी त्याला उठवायला दोघं लागत. "आमच्या गावच्या मंडईत तेच नाटक ठरवलं हाय. मी साऱ्या गावाले सांगून ठेवलं, का जमीनदार आमचे सर हायेत म्हनून!"

झालं. वर्ग एका क्षणात सरांच्या बाजूने उभा राहिला. सरांनी भूमिका वाटल्या. मयुरी हुशार विद्यार्थिनी. तिने मार्मिक प्रश्न विचारायचा. दिव्यानी प्रॉम्प्टर. तिने पहिल्या बाकाआड वाकून ज्याचं त्याचं वाक्य हळूच सांगायचं. आणि प्रणित मठ्ठ विद्यार्थी.

"मठ्ठाचाच रोल मले काऊन, सर?"

"अरे, मठ्ठ असल्याबिगर शिक्षक मोठा कसा दिसन? साऱ्यात दमदार रोल हाय तुहा."

पहिली तालीम सुरू झाली. मयुरी उभी राहिली आणि बसस्टँडवर गाड्या पुकारतात त्या आवाजात म्हणाली, "सर चहाची किंमत वाढली असता कॉफीच्या मागणीवर कोणता परिणाम होतो."

"थांब, थांब." सरांमधला नट कळवळला. "हा प्रश्न हाय का दवंडी? संवादाचा अर्थ पोटात असल्याशिवाय तो तोंडातून निघत नसते, बाई. तुले काय जानून घ्याचं हाय?"

"काईच नाई, सर. तुमीच लिहून देलं."

"इथी कॉफी पिते कोन, सर?" प्रणितने मध्येच विचारलं.

"ते राहू दे. लवचिकता म्हंजे काय, ते तं समजलं ना?"

मुलं वह्यांची मागची पानं उलटू लागली.

"मागच्याच महिन्यात लिहून देलं होतं," सर म्हणाले.

"लिहून देलं, सर," प्रणित म्हणाला. "समजलं नाई."

वर्गात कोणी असं बोललं असतं तर सरांनी चष्म्यावरून पाहिलं असतं. पण ही तालीम होती, आणि अर्थ न कळलेला नट गुरनुलेंना सहन होत नसे. जंगूभाऊंच्या मंडळात एकेक वाक्य ते नटाकडून तासभर घोटून घेत. त्यांनी नोट्स बाजूला टाकल्या आणि टेबलावरच बैठक मारली.

"कँटीनवाल्या लच्छूभाऊच्या आलुबोंड्याची किंमत वाढली तं तू काय करशील?"

"आलुबोंडा खानं सोडीन. घरून डब्बा आनीन."

"अन् खर्रा महाग झाला तं?"

वर्ग हसला. प्रणितच्या गालात त्या घडीलाही सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. तो गिळावा की लपवावा या विचारात त्याने खरं सांगून टाकलं. "खर्रा नाई सुटत, सर."

"मंग सांग. कोनाची मागनी किमतीसोबत हालते, अन् कोनाची जागची हालत नाई?"

प्रणितने जरा वेळ विचार केला. मग त्याचं तोंड असं काही उजळलं, की सरांना आपल्या हातातली काडी नुकतीच पेटल्यासारखं वाटलं. "म्हंजे आलुबोंडा लवचिक, खर्रा कडक!"

"पुन्हा म्हन! हेच वाक्य ठेवू. कॉफी काढून टाक, दिव्यानी."

इतक्या वर्षांत त्या खोलीत जे घडलं नव्हतं ते घडलं, आणि आपले सर काय समजले? संवाद चांगला बसला!

तालमी रोज होऊ लागल्या. मुलं रोज येऊ लागली, हे त्याहून नवल. जी कधी कॉलेजात दिसत नसत तीही आली आणि रोल मागू लागली. एका दुपारी तर प्रणित आपल्या वाक्यावर अडून बसला. "सर, खर्रा कडक, हे खरं. पन कुठवर? उद्या लईच महाग झाला तं माहा बाप सोडल ना?" मयुरी म्हणाली, नाही सोडणार, भाजीचे पैसे खर्ऱ्यात घालेल. कोणी म्हणालं, खर्रा सोडून नुसता तंबाखू खाईल. त्यावरून असं भांडण जुंपलं की सर खडू घेऊन फळ्याशी गेले, पुसून पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं, आणि मिशीला खडू लागला तरी त्यांना पत्ता नाही. शेवटची बस चुकता चुकता राहिली. जाता जाता सर म्हणाले, "हे सारं गुरुवारी बोलू नका हं. नाटकात नाई हे." मुलांनी माना डोलावल्या.

मध्येच सोमवारी सरांची पाळी आली रोशनी मॅडमच्या तासाला बसण्याची.

मॅडमनी तास घेतला तो इतका वाईट, की सरांना मागच्या बाकावर बसून गुदगुल्या व्हायला लागल्या. त्या फळ्याकडे तोंड करून पुटपुटत होत्या. नकाशा उलटा टांगला होता. वैनगंगा काढली तीही उलटी, दक्षिणेकडून निघून वर उत्तरेला चाललेली. नदीकाठच्या गावांतली पोरं ती, त्यांना कसं सोसावं? एक मुलगी न राहवून म्हणाली, "मॅडम, गंगा तं आमच्याकडून खाली जाते." मॅडमचा खडू झटकन नदीपाशी गेला. मग तिथेच थांबला, आणि त्या "असू दे, असू दे" म्हणत पुढे सरकल्या. सरांनी एक गोष्ट पाहिली. पुटपुटताना मॅडम दर दोन वाक्यांनी मान वळवून मुलांची तोंडं न्याहाळत होत्या, आणि कोणी कपाळाला आठी घातली की त्यांचाच चेहरा पडत होता.

तास सुटल्यावर मुलांनी सरांना दाराशी गाठलं. "सर, मॅडमची तब्येत बरी नाई का? अशा नसतात त्या."

सरांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. जिंकलो, एवढंच त्यांच्या मनात होतं. आता गुरुवार नुसता निभावून नेला की जमीनदार पक्का. रात्री जेवताना मात्र रोशनी मॅडमचा पडलेला चेहरा आठवला. तरणीताठी मुलगी, सगळ्यांदेखत 'हिला गरज आहे' म्हणून नागपूरला जाणार. सरांनी मान खाली घालून आणखी भात वाढून घेतला.

गुरुवार उजाडला. मॅडम वही-पेन घेऊन मागच्या बाकावर बसल्या. सर आले, ते कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आणि मिशांना तेल लावून. आणि दाराशीच थबकले. गुरनुले सरांचा 'प्रयोग' आहे ही बातमी कॉलेजभर झाली होती. खिडक्यांत बी.कॉम.ची पोरं लटकलेली, दारात ऑफिसातले बाबू, आणि मधल्या खिडकीत किटली हातात घेऊन कँटीनचे लच्छूभाऊ. हाऊसफुल्ल!

खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण भरलेला शामियाना पाहिला की नटाची अक्कल आणि पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात. सरांनी आवाज लावला. मागच्या रांगेपर्यंत नव्हे, पार सायकलस्टँडपर्यंत पोचेल असा. मयुरीने मान किंचित कलती करून मार्मिक प्रश्न विचारला, खिडक्यांतून शाबासकी आली. सरांनी दोन पावलं मागे, एक पुढे घेत उत्तर फेकलं. मग प्रणित उठला. डोकं खाजवलं, ठरल्याप्रमाणे. तोंड वासलं, तेही ठरल्याप्रमाणे. आणि मग छाती काढून म्हणाला, "म्हंजे सर, आलुबोंडा लवचिक, खर्रा कडक!"

टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. आणि त्या गदारोळात लच्छूभाऊ ओरडले, "अस्सं हाय काय! म्हनून माहे बोंडे पडून राह्यते, दोन रुपये वाढवले तवापासून! वा रे पोरा!" खिशातून दहाची नोट काढून त्यांनी ती खिडकीच्या गजांतून आत धरली.

झाडीपट्टीत प्रेक्षक खूश झाला की असं बक्षीस देतो. चालू प्रयोगात देतो, आणि मग कितीही रंगलेला प्रवेश असला तरी तो थांबवून नटाने ते जाहीर करायचं असतं. न केलं तर देणाऱ्याचा अपमान. वीस-बावीस हंगाम हे केलेला हात आपोआप पुढे गेला. सरांनी नोट घेतली, कपाळाला लावली, खिडक्यांकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"आमच्या या प्रयोगावर खूश होऊन, लच्छूभाऊ कँटीनवाले यांच्याकडून, मठ्ठ विद्यार्थ्याच्या भूमिकेतील कलाकार श्री. प्रणित यांना, दहा रुपयांचं बक्षीस! मंडळ त्यांचं अत्यंत आभारी आहे!"

टाळ्या वाजायच्या त्या वाजल्याच नाहीत. नोट सरांच्या हातात तशीच वर राहिली. त्या शांततेत पहिल्या बाकाआडून दिव्यानीचा इमानदार आवाज सगळ्यांना ऐकू आला. "सर... 'आता कळलं ना बाळा, अर्थशास्त्र किती सोपं असतं'... सर, तुमचं वाक्य हाय..."

मागच्या बाकावर रोशनी मॅडमनी वहीत तोंड लपवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. रागाने की कशाने, ते सरांना दिसत नव्हतं. पाहून घेण्याची हिंमतही नव्हती.

कँटीनच्या मागच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसली. लच्छूभाऊंनी न सांगता चहा ठेवला आणि चोरासारखे निघून गेले. जमीनदार गेला, मिशा गेल्या, अब्रूही गेली.

"मॅडम," सर म्हणाले, "तुमी सांगा प्राचार्यांना, गुरनुलेला पाठवा म्हनून. माझी हरकत नाही. माझीच गरज आहे."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे तुम्हाला जायचं आहे, सर?"

"जायचं कसलं! दिवाळीनंतर नाटक आहे माझं. जायचं नाही म्हनून तर हे सोंग केलं."

"अहो सर!" मॅडम इतक्या मोठ्याने म्हणाल्या की लच्छूभाऊंनी वळून पाहिलं. "मले जायचं आहे ना नागपूरले! पुढच्या श्रेणीसाठी रिफ्रेशर लागते मले. दोन वर्षं झाली वाट पाहून राह्यली. दर वेळी कोणीतरी सीनियर म्हणतात मीच जातो, अन् मी गप्प बसते. यंदा तुमच्याशी जोडी लागली. तुम्हीही म्हणाले असते तर मी काय बोलणार होते? म्हणून म्हटलं, माझी गरज अशी डोळ्यांत भरू दे, की तुम्हीच माझं नाव सांगाल."

सरांनी चहाचा कप बाजूला सारला. मग त्यांच्या डोक्यात हळूहळू उलटी वैनगंगा सुलटी वाहू लागली. "म्हंजे सोमवारी... ते नाटक होतं?"

"तुमच्याएवढं नाही जमलं," मॅडम म्हणाल्या.

सर आधी नाकातून हसले, मग पोटातून, आणि शेवटी ते जमीनदाराचं हसू आलं. कँटीनमधली दोन पोरं आलुबोंडे टाकून उठली. मॅडम पदराने डोळे पुसत होत्या. दोघांनी मिळून आठवडाभर एवढा खटाटोप केला, तो कशासाठी? एकाला जायचं नव्हतं आणि एकीला जायचं होतं! प्राचार्यांनी सांगितलं होतं तसं चहा घेत एकदा बोलले असते, तर अर्ध्या कपात काम झालं असतं.

"पण सोंग तुमचं कच्चं होतं," सर म्हणाले. हसू ओसरलं होतं. "तुमी सारखं पोरांच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांना समजलं नाही की तुमाले वाईट वाटून राह्यलं होतं. वाईट शिकवणारा असं पाहतच नाही, मॅडम. मान वर करतच नाही. मले चांगलं माहीत आहे."

मॅडमनी वही उघडली. मग म्हणाल्या, "आता मी सांगू, मी काय पाहिलं ते? आजचा तास ठीक होता. टाळ्या मिळाल्या. पण आज प्रणितने विचारलं, कारण त्याची पाळी होती. मंगळवारी त्याने विचारलं, 'पन कुठवर', ते त्याला कळलं नव्हतं म्हणून."

"मंगळवारचं तुमाले कसं..."

"आपल्या खोल्यांमध्ये भिंत कुठे आहे, सर? पार्टिशन आहे. एरवी तुमच्या तासाला मी दुसऱ्या टोकाच्या खोलीत असते, पण दुपारी शेजारीच, म्हणून हे रोज ऐकत होते. मला वाटलं, तोच तुमचा नेहमीचा तास. मनात म्हटलं, लोक उगीच काहीतरी बोलतात सरांबद्दल. मंगळवारी तर मी शिकवणं थांबवलं, अन् माझी पोरं आणि मी, सगळेच कान लावून बसलो होतो. खर्रा शेवटी सुटतो का नाही, ते घंटा झाल्यामुळे राहूनच गेलं."

गुरनुले सरांना काय वाटलं ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. लाज वाटली, आणि तिच्या खालोखाल केवढा तरी आनंद झाला. शामियान्यातल्या कुठल्याच टाळीने असं झालं नव्हतं.

"तुम्ही मला म्हणालात, मुलं बोलतात का ते पाहा," मॅडम उठता उठता म्हणाल्या. "पुढच्या वेळी मी वेगळं पाहणार आहे. तुम्ही न दिलेलं वाक्य कोणी बोलतं का, ते."

प्राचार्यांनी दोघांना एकमताने आलेलं पाहून सहकारी सल्लामसलतीचा केवढा हा विजय, असं म्हणून मॅडमचं नाव लिहून घेतलं. खिडक्यांत गर्दी कसली होती, असं त्यांनी विचारलं. "प्रात्यक्षिक होतं," दोघंही एका सुरात म्हणाली. त्या दहाच्या नोटेचे प्रणितने आलुबोंडे घेतले, आणि लच्छूभाऊंनी दोन रुपये कमी करून दिले.

दिवाळी झाली. रोशनी मॅडम नागपूरला गेल्या. जंगूभाऊंच्या नाटकाची रंगीत तालीम वडशाला होती, आणि सरांना दुपारची बस धरायची होती. तिसऱ्या वर्षाचा एकच तास मध्ये होता. नवा धडा मक्तेदारीचा. एवढा एक दिवस लिहून देऊ, उद्यापासून बघू, असं म्हणून सरांनी पिवळ्या नोट्स काढल्या. मिशा आता कानापर्यंत पोचायला आल्या होत्या.

"मक्तेदारी म्हणजे, स्वल्पविराम, बाजारातील ज्या स्थितीत एखाद्या वस्तूचा एकच विक्रेता..."

"सर, थांबा."

प्रणित उभा होता. सरांनी सवयीने दिव्यानीकडे पाहिलं. ती पहिल्या बाकावर सरळ बसली होती, तोंड मिटून, हात बाकावर. तिने नाही म्हणून मान हलवली.

"काय रे?"

"समजलं नाई, सर."

खिशातला फोन थरथरला. जंगूभाऊ. रस्त्यावर वडशाच्या बसचा हॉर्न वाजला, एकदा, मग जरा चिडून दुसऱ्यांदा. सरांनी फोन बंद केला. नोट्सची घडी केली. टेबलावर चढून बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वर्गातल्या एकेका तोंडाकडे नीट पाहिलं.

"कुठून नाई समजलं?"

"पयल्या स्वल्पविरामापासून, सर," प्रणित म्हणाला.